मनगटाकडचा आकडा

सोमवार, ४ मार्च

कानसेनबाईंना,

नमस्कार-चमत्कार राहू दे. सहा वर्षं एक ओळ न लिहिणाऱ्या बाईने एकदम ‘कशी आहेस’ विचारलं, तर तूच म्हणशील, हिचं काहीतरी काम असणार. काम काही नाही. तक्रार आहे. फोन करता आला असता, पण तू तो उचलला असतास आणि मग मलाच ठेवावा लागला असता.

तर तक्रार अशी. तुझी पोर आमच्या वॉर्डात आली आहे. तुझी म्हणजे तू तयार केलेली. तिने काही सांगितलं नव्हतं, मीच ओळखलं. पहिल्याच सकाळी एक आजी दाखल झाल्या. बेकरी चालवतात, धाप लागते, पायांवर सूज. म्हटलं, बघू या, नव्या सिस्टरला काय येतं. तर हिने खुर्ची ओढली, आजींच्या शेजारी बसली आणि स्टेथोस्कोपची चकती डाव्या मुठीत धरून गप्पा सुरू केल्या. “आजी, झोपताना उश्या किती लागतात? मागच्या महिन्यात किती लागायच्या? बेकरीच्या पायऱ्या एका दमात चढता की मध्ये थांबता? संध्याकाळी चपला घट्ट होतात का?” आजी रंगात येऊन सांगत होत्या आणि हिच्या मुठीत चकती गरम होत होती.

ती मूठ बघितली आणि मी हातातली फाईल खाली ठेवली. ‘गार चकती लागली की माणूस दचकतं आणि पहिले दहा ठोके खोटे मिळतात,’ हे वाक्य मी आयुष्यात एकाच तोंडून ऐकलं आहे.

मग पाहणं. ओठ, नखं, पलंगाचं डोकं अर्धं वर करून मानेवरची शीर. नख दाबून रंग परत यायला किती वेळ लागतो ते. घोट्यावर अंगठा दाबून पाच मोजले आणि पडलेला खड्डा आजींनाच दाखवला. “बघा, तुमच्या मळलेल्या पिठासारखं झालंय.” आजी खुदकन हसल्या. त्यानंतर तळहात छातीवर, आणि मग कान. ठरलेल्या पाचही जागा, एकही न गाळता, आणि डाव्या बाजूला हृदयाच्या टोकाशी पूर्ण एक मिनिट. आमच्याकडे आता अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायची सवय सगळ्यांना लागली आहे. मलाही.

वर मला म्हणते, “सिस्टर, मधूनच एक ठोका गळतोय असं वाटतं. तुम्ही ऐकता का?” मी ऐकलं. मला काही गळलेलं ऐकू आलं नाही. म्हटलं, “वाटणं वेगळं आणि असणं वेगळं.” दुपारी ईसीजीच्या पट्टीवर दोन ठोके गळलेले. पट्टी तिने मला दाखवलीसुद्धा नाही, गुपचूप फाईलला लावली. दाखवली असती तर रागवायला तरी मिळालं असतं.

वॉर्डात तिला ‘इस्त्री’ म्हणतात. युनिफॉर्मला औषधाला सुरकुती नसते. नाव मीच ठेवलं, दुसरं कोण ठेवणार!

एवढंच विचारायचं होतं. एका खोलीत सोळा वर्षं राहून मला जे आलं नाही, ते हिला दोन वर्षांत कसं शिकवलंस?

लवंगी


बुधवार, ६ मार्च

कानसेन,

पहिल्या पत्राचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहितेय, म्हणजे बघ. आमचे हे म्हणाले, “दोन दिवस झाले, भाजी चिरताना कुणाच्या तरी नावाने बोटं मोडते आहेस. कोण आहे एवढं?” मी म्हटलं, “एक नवी मुलगी आहे.” ते म्हणाले, “नव्या मुलीसाठी एवढ्या जुन्या शिव्या?” नवरा म्हणून बरा आहे, पण कधीकधी फार ऐकतो.

आज मोठे डॉक्टर राउंडला आले. तेच, आपले. आता चष्म्याच्या काचा जाड झाल्या आहेत आणि आवाज अजून तसाच, कॉरिडॉरच्या टोकापासून ऐकू येणारा. आजींना तपासताना म्हणाले, “ती ठोका पकडणारी मुलगी कुठे आहे?” मी फाईल घेऊन समोर उभी होते. बावीस वर्षं उभी आहे. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

तुला आठवतं, तुझं नाव त्यांनीच ठेवलं होतं? कामावर लागून आपल्याला वर्षही झालं नव्हतं. तू एका माणसाच्या छातीत फुंकर घातल्यासारखा बारीक आवाज ऐकलास, जो दोन शिकाऊ डॉक्टरांना ऐकू आला नव्हता. ते सगळ्यांसमोर म्हणाले, “गाणारे पुष्कळ असतात, आपल्याकडे कानसेन आहे.” सगळे हसले. मीही हसले. रात्री खोलीवर तू म्हणालीस, “तुला माझा राग आला का गं?” मी म्हटलं, “छे, मला कशाला येईल?” आणि तुझ्या वाटणीचा चहा पिऊन टाकला.

माझं नाव कुणी ठेवलं होतं, तेही सांगते, विसरली असशील तर. तूच. ‘एवढीशी, पण लवंगी मिरची.’ कौतुकाने म्हणायचीस. मला वाटायचं, हिला कान मिळाला आणि मला तिखटपणा.

जोडीने मोजायचं असायचं तेव्हाही बघ ना. ज्याचं हृदय वेडंवाकडं धावतं त्याचे सगळे ठोके मनगटापर्यंत पोचत नाहीत, म्हणून दोघींनी एकाच मिनिटात मोजायचं. एकीने छातीवर, दुसरीने मनगटावर. दोन आकड्यांत जेवढी तफावत, तेवढे ठोके वाया जाताहेत. छाती कायम तुझी, मनगट कायम माझं. घड्याळ तुझ्या खिशाला उलटं लटकलेलं, ‘सुरू’ तू म्हणायचीस, ‘थांब’ तू म्हणायचीस. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, कुणाचा तरी हात धरून.

शिंपीकाकांचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस.

लवंगी


शनिवार, ९ मार्च

तुझी चिठ्ठी मिळाली. इस्त्री सुट्टीला तुमच्याकडे येऊन गेली, तिच्याच हाती आली. मी आठ पानं लिहिली आणि तू दोन ओळी! ‘पोर गुणी आहे. अकरा वाजता तिला भूक लागते, तेव्हा तिच्याशी भांडू नकोस.’ बस? माझ्या एकाही टोमण्याला उत्तर नाही. तुला टोचून बोलायचं म्हणजे उशीला बुक्के मारायचे, आधीपासून तसंच आहे.

आणि हो, अकरा वाजता मी तिला बिस्किटं दिली. तू सांगितलंस म्हणून नाही, तिचे हात थरथरत होते आणि सुई तिच्या हातात होती.

आता मुद्द्याचं. दुपारी मेट्रनबाईंनी मला बोलावलं. नर्सिंगच्या शाळेत ट्यूटरची नवी जागा निघाली आहे. नव्या मुलींना हृदयाच्या रुग्णाची तपासणी शिकवायची, वॉर्डात नेऊन, हात धरून. मी अर्ज केला आहे हे तुला ठाऊक नसेल. तू केला आहेस हे मला ठाऊक नव्हतं. मेट्रनबाईंनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. तुझं अक्षर अजून तसंच आहे, गोल गोल, वहीत झोपलेल्या मांजरांसारखं.

म्हणाल्या, “अर्ज दोनच आहेत. त्यांचा अनुभव चांगला आहे. पण सेवापुस्तकात तो शेरा आहे.” शेरा काय आहे हे मला वाचून दाखवायची गरज नव्हती, तरी वाचला. ‘नाडीच्या मोजणीत निष्काळजीपणा. जोडीदार परिचारिकेच्या मोजणीवर प्रभाव टाकला.’ मग म्हणाल्या, “त्या दिवशी जोडीला तुम्ही होतात. सोमवारी अठराला मुलाखत. समिती विचारेल, त्याआधी तुमचं म्हणणं मला हवंय. हा शेरा रास्त होता का?”

प्रश्न साधा होता. हो किंवा नाही. मी म्हटलं, “विचार करून सांगते.”

घरी येताना सगळा रस्ता मी हिशेब मांडत होते की ही जागा माझी का आहे. मी इथे राहिले. तू सोडून गेलीस, बस जिथे वळून परत येते तिथल्या त्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. बावीस वर्षं मी या वॉर्डात पलंग ढकलले, सुट्ट्या बुडवल्या. आणि आता तू यायचं, गोल अक्षरात अर्ज करायचा, आणि मुलींनी तुझ्याभोवती कोंडाळं करायचं? माझ्याच वॉर्डात? मला तुझा हेवा वाटतो. घे, लिहिलं एकदाचं. पहिल्या दिवसापासून वाटतो. तू खोलीत आलीस की मला आरशात मी आणखी बुटकी दिसायचे.

‘हो, रास्त होता’ एवढंच म्हणायचं आहे. तीन शब्द.

हे पत्र टाकेन की नाही, सांगता येत नाही.


मंगळवार, १२ मार्च

शनिवारचं पत्र टाकलं नव्हतं. आता दोन्ही एकाच पाकिटात येतील. आज जे झालं ते आधी वाच, मग मागचं वाच, म्हणजे तुला माझा राग क्रमाने येईल.

सकाळी नऊला बेकरीवाल्या आजींची नाडी बिघडली. हाताला लागत होती, पण तिचा काही धरबंद नव्हता. दोन जवळजवळ, एक दूर, एक जेमतेम. इस्त्री धावत आली. मोठे डॉक्टर बाह्यरुग्ण विभागात होते, फोनवर म्हणाले, “जोडीने मोजा आणि आकडे सांगा, मी येतोच आहे.” वॉर्डात आम्ही दोघीच अशा, ज्यांना हे नीट येतं.

सहा वर्षांत मी जोडीचं मनगट धरलं नव्हतं. दर वेळी काहीतरी काम काढायचे आणि दुसरीला पुढे करायचे. आज दुसरी नव्हती.

मी आजींचा हात घेतला. इस्त्रीने चकती मुठीत गरम केली, जागा शोधली, आणि मग खिशातून दोन पेनं काढून एक माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, “हे कशाला?”

“आकडा बोलायचा नाही, सिस्टर. मिनिट संपलं की आपापल्या तळहातावर लिहायचा आणि दोघींनी एकदम हात उघडायचे.”

“हातावर शाई? कुणी शिकवलं हे? हात स्वच्छ ठेवायचे असतात एवढंही—”

“साबणाने जाते ना. आमच्या बाईंचा नियम आहे. मोडला तर त्या जेवायला वाढत नाहीत.”

आजी धापा टाकत म्हणाल्या, “भांडा नंतर.” मग आम्ही मोजलं. मी डोळे मिटले नाहीत, इकडेतिकडे बघितलं नाही, ओठ हलवत लहान मुलीसारखं मोजलं. थांब म्हणाली तेव्हा माझे चौऱ्याण्णव झाले होते. मी लिहिले. हात उघडले. तिच्या हातावर एकशे बत्तीस.

अडतीस ठोके वाया. डॉक्टर आले, दोन्ही तळहात बघितले, आजींना तिथूनच मॉनिटरच्या पलंगावर हलवलं आणि औषध सुरू केलं. दुपारपर्यंत आजींची धाप उतरली. आता त्यांना भूक लागली आहे आणि आपल्या पावाला कसं नाव ठेवायला जागा नाही ते त्या सगळ्यांना सांगताहेत.

बेसिनशी हात धुताना मी इस्त्रीला विचारलं, “हा नियम तुमच्या बाईंनी कधी काढला?”

“मी गेले तेव्हा होताच. बाई म्हणतात, आपण आकडा आधी बोललो की समोरचीचा बिघडतो. ती घाबरते, नाहीतर तिला लाज वाटते. त्यात तिचा दोष नसतो, बोलणारीचा असतो.”

ती साबण लावत होती, तिला काही माहीत नाही. माझ्या हातावरची शाई गेली तरी मी नळ चालूच ठेवला.

म्हणजे तुला ठाऊक होतं.

सहा वर्षं मी समजत होते की तुला कळलंच नाही. तू चौकशीत गोंधळलीस, म्हणून ‘आकडा आधी मी बोलले, चूक माझी’ असं म्हणालीस, असं मी स्वतःला सांगत आले. तू गोंधळली नव्हतीस. तू तुझ्या वाटणीचं खरं बोललीस आणि माझ्या वाटणीचं मी बोलेन म्हणून थांबलीस. त्या बाकावर, माझ्याशेजारी, हात मांडीवर ठेवून. आणि मी मूग गिळून बसले.

मग घरी जाऊन तू माझ्यासाठी नियम केलास. दोष नसतो म्हणे! कुणी मागितली होती तुझ्याकडे माफी? मला इतका राग आला आहे की अक्षर बघ कसं पळतंय. चांगुलपणात तरी मला कधी पुढे जाऊ द्यायचं होतंस.


बुधवार, १३ मार्च

काल रागात पान संपलं. आज सुट्टी आहे. हे कामावर गेले आहेत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे आणि दोनदा उठून गॅस बंद आहे ना बघून आले. तुला सगळं माहीत असलं तरी माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

शिंपीकाका चार नंबरला होते. गळ्यात मोजायची टेप घालूनच दवाखान्यात आलेले, आठवतात? तुला म्हणाले होते, “सिस्टर, तुमचा खांदा उतरता आहे, तयार कपडा तुम्हाला बसणार नाही.” त्या दिवशी दुपारी तू त्यांच्या छातीला कान लावलास आणि म्हणालीस, “लवंगी, ये. मला काही ठीक वाटत नाही. जोडीने मोजू.”

मी मनगट धरलं. तू ‘सुरू’ म्हणालीस. पहिलं अर्धं मिनिट मी नीट मोजलं. मग मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना घेऊन आले. पलंगाच्या पायथ्याशी थांबले आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हळू आवाजात, म्हणाले, “या सिस्टरकडे बघा. कसं ऐकतात ते बघा. हे पुस्तकात मिळणार नाही.” आठ-दहा पोरंपोरी तुझ्याकडे बघायला लागली. तुझे डोळे मिटलेले. तुला ऐकूच आलं नव्हतं, तू छातीत होतीस. आणि मी, त्याच पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच मिनिटात काम करत होते, आणि एकाचीही नजर माझ्याकडे नव्हती. भिंतीवरच्या खुंटीकडे तरी कुणी बघतं, कोट अडकवायला.

एक्केचाळीसपर्यंत मी मोजलं होतं. एक्केचाळीस मला पक्कं आठवतं. त्यानंतर मी नाडी मोजली नाही. त्यांचे चेहरे मोजले.

तू ‘थांब’ म्हणालीस, डोळे उघडलेस, आणि नेहमीसारखं लगेच म्हणालीस, “एकशे अठरा. तुझे?”

‘चुकले, पुन्हा मोजू’ म्हणायला काय लागत होतं? एक मिनिट लागलं असतं. पण ते सगळे उभे होते. तुझ्यासमोर आणि त्यांच्यासमोर मला म्हणावं लागलं असतं की कानसेनच्या जोडीदारणीला साधी नाडी मोजता येत नाही. मी म्हटलं, “एकशे सोळा.” दोन कमी सांगितले, खरे वाटावेत म्हणून.

तुझ्या कपाळावर आठी आली. तू माझ्याकडे बघितलंस. मी त्या आठीचा अर्थ तेव्हा लावला, ‘हिच्यावर माझा विश्वास नाही’ असा, आणि आणखीच ताठ झाले. डॉक्टर म्हणाले, “दोनचाच फरक? म्हणजे ठोके पोचताहेत. काळजीचं कारण नाही, सकाळी बघू.” तू म्हणालीस, “सर, मला पुन्हा मोजावंसं वाटतं.” ते हसून म्हणाले, “आकडे जुळताहेत, सिस्टर.” आणि तू माझ्या आकड्याला मान दिलास. तुझ्या कानापेक्षा माझ्या आकड्याला.

पुढचं सगळ्यांनाच माहीत आहे. सकाळी फुप्फुसात पाणी भरलं, अकरा दिवस अतिदक्षता विभागात. काका वाचले, पण त्यानंतर त्यांना उभं राहून कापड बेतता आलं नाही. त्यांच्या सुनेने तक्रार केली, तिचं बरोबरच होतं. चौकशीत मला विचारलं, “तुम्ही स्वतः मोजलं होतं का?” मी म्हटलं, “हो.” आणि ते अर्धं खरं होतं, एक्केचाळीसपर्यंत खरं होतं. त्या अर्ध्या खऱ्यावर मी सहा वर्षं जेवले आहे.

मला तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. पण तू खोलीतून सामान हलवलंस त्या दिवशी तुझी खिडकीजवळची खाट मी घेतली. आणि त्या खाटेवर मला छान झोप लागली. हेही खरं आहे, आणि हे लिहिताना जास्त लाज वाटते आहे.


शुक्रवार, १५ मार्च

काल मेट्रनबाईंकडे गेले होते. जाण्याआधी तीनदा ठरवलं की जायचं नाही. चौथ्यांदा इस्त्रीने विचारलं, “सिस्टर, तुम्हाला बरं नाही का? नाडी बघू?” आणि माझा हात धरायला आली. त्या मुलीने माझं मनगट धरण्याआधी तिथून पळ काढणं भाग होतं.

मेट्रनबाई म्हणाल्या, “झाला विचार?”

मी म्हटलं, “शेरा रास्त होता, पण चुकीच्या बाईच्या पुस्तकात आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, खाट सोडून. शेवटी म्हणाल्या, “हे सहा वर्षांनी का सांगताय?”

“अर्ज दोनच आहेत म्हणून.”

“याने तुमच्या अर्जाचं काय होईल, कळतंय ना? चौकशी पुन्हा उघडेल. तुमच्यावर कारवाईही होऊ शकते.”

“कळतंय.”

“मग अर्ज मागे घेताय?”

मी म्हटलं, “नाही.” त्यांनी पेन पुन्हा उचललं. मी म्हटलं, “चूक माझी आहे ते लिहून घ्या. पण मनगट धरायला मुलींना कुणी शिकवायचं असेल, तर मला ते आता येतं. हरायचंच असेल तर मी मुलाखतीत हरेन.” इतकी चांगली मी झालेली नाही गं, की तुला ताट वाढून देईन. तू मिळव. मिळवशील, याची मला खात्री आहे, आणि ती खात्री मला अजून बोचते.

मग त्यांनी जबाब लिहून घेतला. आकड्यापाशी थांबून म्हणाल्या, “तुमचा खरा आकडा काय लिहू?” मी म्हटलं, “एक्केचाळीस. पुढचे मोजले नाहीत.” त्यांनी तसंच लिहिलं. खाली मी सही केली. नक्कल सोबत जोडली आहे, कारण तोंडी सांगितलेलं मी फिरवू शकते हे तुला आणि मला दोघींना माहीत आहे. दुसरी नक्कल घेऊन मी रविवारी शिंपीकाकांच्या घरी जाणार आहे. त्यांची सून दार लावेल बहुतेक. दारातून तरी देईन.

इस्त्रीलाही सांगितलं. कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. तिने हातातला ट्रे जागेवर ठेवला. मग आजींनी घरून मागवलेल्या पावातला अर्धा तोडून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “अकरा वाजलेत.” मी खाल्ला. तुझ्याकडून आणखी काय काय शिकून आली आहे ही मुलगी, देव जाणे.

आता एक काम आहे. म्हटलं होतं ना, हिचं काहीतरी काम असणार! सोमवारी तुझी मुलाखत अकराला आहे, माझी साडेअकराला. आजींना सोमवारी नऊ वाजता घरी सोडण्याआधी जोडीने मोजायचं आहे, आणि इस्त्रीची सोमवारी सुट्टी आहे. मोठ्या डॉक्टरांना आणि मेट्रनबाईंना विचारून ठेवलं आहे. डॉक्टर म्हणाले, “ती येणार असेल तर मी लांब उभा राहीन.” मी म्हटलं, “खूपच लांब उभे राहा, सर.”

नऊच्या आधी ये. घड्याळ तुझं आण. छाती तुझी, ‘सुरू’ तुझं, ‘थांब’ तुझं. पेनं दोन मी आणते.

मनगट मी धरते.

लवंगी